वाऱ्याची पाठ

८ फेब्रुवारी

मामा,

वाकून नमस्कार. खरं तर न वाकता. दिवसाला दहा तास गाडी चालवून कंबर धरली आहे, तेव्हा मनातल्या मनात वाकले असं समज.

पत्र बघून दचकू नकोस, सगळं ठीक आहे. तू फोनवर येत नाहीस म्हणून लिहिते आहे. चार वर्षांत किती वेळा फोन केला ते मोजायचं मी सोडून दिलं. दर वेळी मामी उचलते आणि दर वेळी तू नेमका बाहेर गेलेला असतोस. घरी बसलेला माणूस इतका बाहेर जातो तरी कुठे? तुझा पत्रेकामाचा कारखाना मी पुढे चालवला नाही आणि दवाखान्याच्या गाडीवर ड्रायव्हर झाले, त्याचा राग अजून धुमसतोय, दुसरं काय! असू दे. रागातच उत्तर दे, पण दे. ह्या कामात मला तुझ्याशिवाय कुणी नाही.

आमची गाडी तू बघितलेली नाहीस. चारी चाकं ओढणारी, उंच, चौकोनी, चिखलातून आणि दगडांतून न कुरकुरता जाणारी. आम्ही तिला जाडी म्हणतो. मी, डॉक्टरीणबाई आणि आत दोन पेशंट मावतील एवढी जागा. महिन्यातून एकदा आम्ही पठाराच्या टोकाला, शेवटच्या वस्तीला जातो. त्रेचाळीस घरं, एक शाळा, बाकी मेंढ्या. जायला दोनशे साठ किलोमीटर, यायला तेवढेच, आणि मधे एकही पंप नाही. टाकी सत्तर लिटरची. पेशंटच्या गाडीत डिझेलचे कॅन ठेवायचे नाहीत, असा दवाखान्याचा नियम आहे आणि तो बरोबरच आहे.

पूर्वी टाकी पुरायची. ह्या हिवाळ्यात दवाखान्याने नवीन सामान दिलं, ते सगळं टपावरच्या कॅरिअरवर चढलं: तपासणीचा तंबू, त्याचे बांबू, शिडी, डोळे तपासायच्या यंत्राची पेटी, दोन स्टेपन्या, घडीचं स्ट्रेचर, वर ताडपत्री. तेव्हापासून जाडी डिझेल नुसतं ढोसते. मागच्या फेरीत घरापासून चौतीस किलोमीटरवर टाकी ठणठणीत झाली. आत एक म्हातारे आजोबा, त्यांना धाप लागलेली. पाच तासांनी एक दुधाची गाडी आली. आजोबा वाचले, पण त्या पाच तासांत डॉक्टरीणबाईंचा चेहरा मी बघत होते, तो मला विसरता येत नाही.

मोठ्या साहेबांनी बोलावून सांगितलं की असं पुन्हा एकदा झालं तर शेवटची वस्ती यादीतून काढून टाकू. त्यांचंही चुकत नाही. गाडी वाटेत मेली तर पेशंटही मरेल. पण वस्तीच्या शाळेतल्या बाईंना सातवा संपत आलाय. पहिलं मूल आडवं होतं, ते गेलं. हेही आडवंच आहे. ह्या महिन्याची फेरी साहेबांनी रद्द केली आहे, तेव्हा अठ्ठावीस मार्चच्या फेरीत त्यांना इकडे आणायचं ठरलंय. तोवर यादीत वस्ती राहायला हवी आणि टाकीत डिझेल.

मिस्त्रीने इंजिन उघडून पाहिलं. इंजिन ठणठणीत आहे, म्हणतो. साहेब म्हणतात, माझा पाय जड आहे. मला मात्र वाटतं, हे सगळं टपावरचं आहे. पठारावरचा वारा तू बघितला नाहीस, मामा. दार उघडलं की दार हातात येतं. तू बसच्या, ट्रकच्या बॉड्या बांधल्यास चाळीस वर्षं. सांग, काय करू?

तुझी,
भिंगरी


१४ फेब्रुवारी

भिंगरे,

तुझं अक्षर अजून कोंबडीचे पाय उमटल्यासारखंच आहे. मामीने चष्मा लावून वाचलं, मग मी वाचलं, मग दोघांनी मिळून वाचलं.

फोनबिनचं सोड. फोनवर बोलून पत्रा वाकत नाही. कागद बरा, कागदावर चित्र काढता येतं.

तुझं म्हणणं बरोबर आहे, दोष टपावरच आहे. लोकांना वाटतं की गाडी वजन ओढते. सपाट रस्त्यावर, सत्तरच्या पुढे, गाडी वारा ओढते. वेग दुप्पट केलास तर वारा चौपट अडतो, हे मी शाळेत शिकलो नाही, एका बसच्या टपाने मला शिकवलं. ते पुन्हा कधीतरी.

आता तीन कामं कर. एक, टपावरचं सगळं उतरव आणि नसलं तरी चालेल ते परत चढवू नकोस. दोन स्टेपन्या कशाला? शिडी काय आंबे उतरवायला नेतेस? जड ते गाडीत, खाली, मधोमध. वर फक्त हलकं.

दोन, गाडी काय बोलते ते ऐक. कारखान्यात मी तुला शिकवलेलं आठवतं ना, पत्रा बोलतो. कुठल्या वेगाला आवाज सुरू होतो, शिटी आहे की घुमतंय, बारीक की जाड, सलग की तुटक, डोक्यावरून की पाठीमागून, ते सगळं लिही. एकही आवाज गाळू नकोस. आवाज म्हणजे वाया गेलेलं डिझेल.

तीन, ह्या पाकिटात मामीच्या लोकरीचं लाल गुंडाळं आहे. मामीने ते जिवावर उदार होऊन दिलंय, अर्ध्या स्वेटरचं आहे. वीतभर लांबीचे धागे कापायचे आणि एक टोक चिकटपट्टीने चिकटवायचं: टपावर, सामानावर, बाजूला, मागच्या दारावर, सगळीकडे ओळीने. मग दुसऱ्या कुणाला तरी जाडी चालवायला दे आणि तू शेजारच्या गाडीतून बघ. काय दिसलं ते लिही, तुला काय वाटलं ते लिहू नकोस.

मामा


२३ फेब्रुवारी

मामा,

मी वारा बघितला.

तू सांगितलंस की वाटलं ते लिहू नकोस, पण आज ऐकणार नाही. सव्वीस वर्षं मी वाऱ्यात जगते आहे, त्याच्या नावाने बोटं मोडते आहे, आणि तो कसा दिसतो हे मला काल कळलं.

तीनशे बारा धागे लावले. मी, मिस्त्री आणि डॉक्टरीणबाई, तिघे सकाळभर चिकटपट्टी कापत होतो. जाडीला कांजिण्या आल्या असं मिस्त्री म्हणाला. मग डॉक्टरीणबाई जाडीत बसल्या (त्या चालवतात बऱ्या, पण गिअर असा टाकतात जसा दात उपटतायत), आणि मी दवाखान्याच्या जुन्या अँब्युलन्समध्ये, मिस्त्रीच्या शेजारी, खिडकीतून अर्धी बाहेर.

चाळीसला धागे नुसते थरथरले. साठला बॉनेटवरचे सगळे एकदम झोपले, तेल लावून विंचरलेल्या केसांसारखे सरळ मागे. समोरच्या काचेवरचे वर चढले. आणि टपाच्या कडेला पोचल्यावर मामा, ते वेडे झाले! तंबूच्या गुंडाळीपुढचे धागे गोल फिरायला लागले, एखादा वर, एखादा खाली, एखादा शेजारच्याला झोंबणारा. शिडीवरचे तर दिसेनातच, इतके फडफडत होते. वारा ह्या सामानाला थडकतो एवढं मी धरूनच चालले होते, पण तो असा रागावतो हे ठाऊक नव्हतं.

आणि खरी गोष्ट पुढे आहे. मी मिस्त्रीला म्हटलं, जरा मागे राहा. मागच्या दारावरचे आणि पेटीच्या पाठीवरचे धागे बघायचे होते. ते मागे उडायला हवेत ना? गाडी पुढे चाललीय, वारा मागे. मामा, ते पुढे बघत होते. गाडी सत्तरने पुढे जातेय आणि पाठीवरचे धागे गाडीच्या अंगाला चिकटून पुढच्या दिशेने ओढले जातायत, जणू कुणी मागून फुंकर घालतंय. मी मिस्त्रीला ओरडून दाखवलं. तो बघत राहिला आणि अँब्युलन्स खड्ड्यात घातली. अंगावर काटा आला माझ्या. एवढी मोठी गोष्ट रोज माझ्या पाठीमागे चालली होती आणि मी आरशात फक्त रस्ता बघत होते. ते धागे पुढे का बघतात, सांग.

आवाज असे. पंचावन्नला शिटी सुरू होते, बारीक, डोक्यावरच्या पुढच्या आडव्या दांडीतून. पासष्टला दुसरी दांडी तिला मिळते, थोडी खालच्या सुरात. सत्तरला ताडपत्री टाळ्या वाजवते, तुटक. ऐंशीला मागून घुमतं, रिकाम्या पिंपात तोंड घालून बोलल्यासारखं. डॉक्टरीणबाईंना ऐंशीला मला काही सांगायचं असलं तर त्या माझ्या दंडाला चिमटा काढतात.

शिडी, एक स्टेपनी आणि निम्मे बांबू उतरवले. तंबूला एवढे बांबू लागतच नाहीत.

एक विचारू? तू हे आवाज इतके खोदून का विचारतोस? पूर्वी कुणी सांगायला लागलं की तू म्हणायचास, गप्प बसा, मला ऐकू द्या. आजवर कुणाच्या कानावर तू भरवसा ठेवलेला मी पाहिला नाही.

भिंगरी


१ मार्च

भिंगरे,

पत्र तीनदा वाचलं. मामी म्हणते, लग्नाच्या पत्रिकेकडेसुद्धा मी इतकं बघितलं नव्हतं. तीनशे बारा! मी आयुष्यात एका वेळी साठाच्या वर लावले नाहीत.

आवाज विचारतो, कारण गाडी तुझ्याजवळ आहे आणि मी इथे आहे. ह्यात खोदायचं काय!

आता ऐक. दोन्ही शिट्ट्या आडव्या दांड्यांच्या. गोल दांडीच्या वरून वारा एकदा सुटतो, मग खालून एकदा, मग वरून, आळीपाळीने, तालात. तो ताल म्हणजे शिटी. बोटाएवढ्या जाडीची दोरी घे आणि प्रत्येक दांडीला तिरपी गुंडाळ, वेलीने खांबावर चढावं तशी, दोन वेढ्यांत वीतभर अंतर ठेवून. मग वाऱ्याला ताल धरता येत नाही. एवढंच. करून बघ आणि मग मला मूर्ख म्हण.

उरलेलं सामान आडवं, पसरट, ठेंगणं लाव. स्टेपनी आडवी झोपव. आणि ह्या सगळ्यावर पत्र्याची एक पेटी बनव, झाकणासारखी. चित्र मागे काढलंय. एक बाजू गोल, उताराची, पोटासारखी फुगीर; दुसरी बाजू हळूहळू निमुळती होत गेलेली. पेटी टपाला चिकटून बसली पाहिजे, खाली बोट जाईल एवढीही फट नको. अॅल्युमिनियमचा पातळ पत्रा घे. रिव्हेट मारायला तू विसरली नसशील, माझ्याच हाताखाली शिकलीस.

लक्षात ठेव: गोल बाजू वाऱ्याच्या तोंडाला, निमुळती वाऱ्याच्या पाठीला.

धागे पुढे का बघतात ते मी सांगणार नाही. पेटी बसव, तुझं तुलाच दिसेल. मी तुला कधी काही सांगून शिकवलंय का?

मामा

काम करताना कानात कापसाचे बोळे घाल. विसरू नकोस.


११ मार्च

मामा,

दोरीबद्दल आधी सांगते, नाहीतर राग आल्यावर राहून जाईल. दोरी गुंडाळली आणि शिटी गेली. कमी झाली नाही, गेली. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, गाडी बदलली का? दोन रुपड्यांची दोरी! मी परत सोडून पाहिली तर शिटी परत आली, परत गुंडाळली तर गेली. असं चार वेळा केलं, मिस्त्री म्हणाला आता पुरे.

पेटीसाठी पत्रा मिळेना. शेवटी दवाखान्याच्या अडगळीतली जुनी पाटी मिळाली, प्रवेशद्वारावरची, पुरुषभर लांब, अॅल्युमिनियमची. तिच्यावर मोठ्या निळ्या अक्षरांत ‘शांतता राखा’. ती कापून, वाकवून, एकशेचाळीस रिव्हेट मारून पेटी केली. बोटं सोलून निघाली. पण झाली झकास. तुझ्या कारखान्यातून बाहेर पडल्यासारखी झाली होती, मी तिच्याभोवती तीन फेऱ्या मारल्या. अक्षरं नेमकी निमुळत्या बाजूला आली.

तू सांगितलंस तशीच बसवली. आणि काल शंभर किलोमीटर चालवून पाहिली. आधी एका लिटरला सहा पूर्णांक नऊ जायची, काल सहा पूर्णांक सहा गेली. कमी, मामा. कमी! आणि मागून असं घुमायला लागलं की दातांना जाणवत होतं. गाडीच्या नाकावर ‘शांतता राखा’ आणि आत कानाचे पडदे फाटायची वेळ. मिस्त्री हसून हसून खाली बसला. मला हसू आलं नाही. साहेब खिडकीतून बघत होते.

सतरा दिवस राहिलेत. शाळेतल्या बाईंनी मेंढ्यांच्या ट्रकबरोबर चिठ्ठी पाठवली आहे: ‘गाडी येणार ना?’ एवढीच. मी काय लिहू त्यांना?

संध्याकाळी न राहवून तुला फोन केला. मामी म्हणाली, हे बाहेर गेलेत. आणि मामा, मागे तुझा हातोडा वाजत होता. दोन हलके, एक जोरात. हा ठोका जगात दुसऱ्या कुणाचा नाही, मी त्या ठोक्यावर अभ्यास केलाय. बाहेर गेलेला माणूस घरात हातोडा कसा मारतो? माझ्याशी बोलायचं नाही, तर पत्रं तरी कशाला लिहितोस? मला फार वाईट वाटलं. लपवत नाही, रडले.

निमुळती बाजू तू म्हणालास तशी वाऱ्याच्या पाठीला, बाणाच्या टोकासारखी पुढे काढली होती. अजून काय चुकलं, सांगायचं असेल तर सांग.

भिंगरी


१५ मार्च

अगं येडे,

उलटी! पेटी उलटी बसवलीस!

बाणाच्या टोकासारखी, हे वाचलं आणि मी कपाळावर हात मारला. चूक तुझी नाही, माझी. ‘वाऱ्याची पाठ’ हा आमच्या कारखान्यातला शब्द. वारा गाडीवरून निघून जातो, जाताना त्याची पाठ दिसते. म्हणजे गाडीच्या मागची बाजू. तुला वाटलं, वारा आपल्याकडे तोंड करून येतो, तर त्याची पाठ पलीकडे, पुढे. तसा विचार केला तर तुझंच बरोबर आहे. चाळीस वर्षांत हा शब्द उलटाही वाचता येतो हे मला सुचलं नाही, कारण सगळे माझ्याच तोंडून शिकलेले.

आता सांगून शिकवतो, एकदाच. सगळ्यांना वाटतं की वारा पुढून अडवतो, म्हणून टोक पुढे काढतात. पुढून तो अडवतो थोडा. खरा तो मागून ओढतो. गाडी वाऱ्यात भोक पाडून पुढे जाते, मागे पोकळी राहते. ती भरायला वारा धावत परत येतो, म्हणून तुझे धागे पुढे बघत होते. ती पोकळी गाडीला शेपटीला धरून मागे खेचत असते. निमुळती बाजू मागे ठेवलीस की वारा पेटीच्या अंगावरून हळूहळू खाली उतरतो आणि पोकळी लहान होते. पाण्याचा थेंब नळातून पडताना बघितलायस? पोट पुढे, शेपूट मागे.

नुसती फिरव. रिव्हेट एकही काढायची नाही. आणि सत्तरच्या वर जायचं नाही. बाईंना लिही की गाडी येणार.

मामा


(त्याच पाकिटात)

भिंगरी बाळा,

हे पाकीट बंद करायला मला देऊन हे अंगणात गेलेत, म्हणून चोरून लिहिते आहे.

ह्यांना ऐकू येत नाही. चार वर्षं झाली. आधी फोन ऐकू येईना, मग हाक, मग काहीच नाही. चाळीस वर्षं पत्र्यावर हातोडा मारला त्याचं हे फळ, असं कानाचे डॉक्टर म्हणाले. परवा तू फोन केलास तेव्हा हे माझ्या पाठीमागे, दोन हातांवर, तुझ्या पेटीचा छोटा नमुना ठोकत होते. मी फोनवर होते हेही ह्यांना कळलं नाही.

कारखाना तुझ्यामुळे बंद केला नाही गं. पत्रा कापायच्या मशीनवर कारागीर ‘थांबा, थांबा’ म्हणून ओरडला आणि ह्यांना ऐकू आलं नाही. त्याच्या बोटाचं टोक गेलं. दुसऱ्या दिवशी ह्यांनी कुलूप लावलं आणि किल्ली मला दिली. तुला सांगू द्यायचे नाहीत. लहानपणी तुझ्या कानांत बोळे कोंबायला धावायचे ना, आणि स्वतः कधी घातले नाहीत, त्याची लाज वाटते. ती पोर हसेल, म्हणतात.

तू ते आवाजांचं पत्र पाठवलंस ते ह्यांच्या उशाखाली आहे. ‘पंचावन्नला बारीक, पासष्टला खालच्या सुरात’ असं बोट ठेवून वाचतात आणि डोळे मिटून बसतात. मी विचारलं, काय करताय? म्हणाले, ऐकतोय.

मी सांगितलं हे ह्यांना सांगू नकोस. किंवा सांग. मला आता फोनवर खोटं बोलायचा कंटाळा आलाय.

मामी


३० मार्च

मामा,

बाई इकडे आल्या. टाकीत आठ लिटर उरलं.

सुरुवातीपासून सांगते. पेटी फिरवली. मिस्त्री म्हणाला, आता गाडी उलटी चाललीय असं वाटतं. धागे होते तेच ठेवले. पहाटे निघालो. पठारावर चढलो आणि समोरून तो आला, नेहमीचा, मस्तवाल. मी स्टिअरिंग घट्ट धरलं. पंचावन्न झाले, शिटी नाही. पासष्ट, नाही. सत्तर. मी आवाजाची वाट बघत होते, मामा, कुणी मारणार म्हणून अंग आकसून बसतो ना, तशी. आवाज आलाच नाही. इंजिनाची गुरगुर, चाकांखालची खडी, बस. डॉक्टरीणबाईंनी सवयीने माझ्या दंडाला चिमटा काढला आणि मग लाजून नुसत्या तोंडाने म्हणाल्या, “पुढच्या वळणावर थांबशील का?” तीन महिन्यांत पहिल्यांदा मला त्यांचा गाडीतला आवाज ऐकू आला. गोड आहे.

आरसा वाकवून मी पेटीच्या शेपटीकडे बघितलं. लाल धागे मागे पडले होते. सगळे नाहीत, अगदी टोकाचे पाचसहा अजून वळवळत होते, पण बाकीचे सरळ, शांत, मागे. एवढा मोठा वारा, मेंढ्यांना लोळवणारा, आणि त्या पाटीच्या पत्र्यावरून तो असा उतरत होता जसं कुणी झोपलेल्या मुलाच्या अंगावरून हात फिरवतंय. मी गाडी थांबवून खाली उतरले आणि तिथेच उभी राहिले. थांबलेल्या गाडीवर वारा परत नुसता वारा झाला होता. आपण फक्त वाट दिली तर तो आपल्याशी भांडत नाही, हे मला त्या माळावर उभं राहून कळलं. हसायचं असेल तर हस.

येताना बाई स्ट्रेचरवर होत्या. घाबरलेल्या, दोन्ही हात पोटावर. तासाभराने डॉक्टरीणबाईंनी मला खुणेने मागे बघायला सांगितलं. बाई झोपल्या होत्या. जाडीमध्ये आजवर कुणी झोपलेलं नाही, मामा. त्या दोनशे किलोमीटर झोपल्या. उद्या पोट कापून बाळ काढणार आहेत. एका लिटरला आठ पूर्णांक चार पडले. साहेबांनी आकडा दोनदा विचारला, आणि यादीत वस्तीपुढे स्वतःच्या हाताने बरोबरची खूण केली.

आता दुसरं. मामीने मला सांगितलंय. तिच्यावर चिडलास तर माझ्याशी गाठ आहे. मी हसले नाही. चार वर्षं मला वाटत होतं की तुला माझा आवाज नको आहे. आणि तुला तो येत नव्हता! मी किती वाईटसाईट बोलले असेन मनात, ते सगळं मागे घेते. तू मला काही सांगून शिकवलं नाहीस, पण एवढं तरी सांगायचंस रे.

फोन करणार नाही. पुढच्या फेरीला ये. बाळ-बाळंतिणीला वस्तीवर सोडायला जायचंय, पुढच्या सीटवर जागा आहे. नवीन धागे लावून ठेवते. वारा ऐकूच यायला हवा असं नाही, तो दिसतो. हे तुझ्यामुळेच कळलं मला.

तुझी,
भिंगरी


२६ एप्रिल, शेवटची वस्ती

अगं,

पोचलो. तब्येत ठीक, कंबर सोडून. शाळेच्या बाकावर बसून लिहितोय. पत्र मेंढ्यांच्या ट्रकने येईल, म्हणजे कदाचित माझ्यानंतर. तरी लिहितो, कारण परत आल्यावर मला हे सांगता येणार नाही.

भिंगरी म्हणजे कारटी आहे. साडेपाचशे धागे. तुझं राहिलेलं अर्धं स्वेटरही गेलं समज. मला पुढे बसवलं, मागे डॉक्टरीणबाई, बाळंतीण, आणि तिचं बाळ, मुलगी आहे, मुठी वळून झोपलेली. भिंगरीला मला काही सांगायचं असलं की ती डॅशबोर्डवरच्या पाटीवर खडूने लिहिते. कोंबडीचे पायच.

पठारावर चढल्यावर तिने पाटीवर लिहिलं, ‘आला’. मला काही कळेना. मग बॉनेटवरचे धागे एकाच वेळी मागे वळले, सगळे, समोरच्या काचेवरून वर चढले आणि माझ्या डोक्यावरून गेले. आरशात बघितलं तर पेटीवरून खाली उतरून शेपटीपाशी शांत झाले होते. चाळीस वर्षं मी ह्या वाऱ्यासाठी पत्रा वाकवला गं. कागदावर काढला, बोटांनी चाचपला, कानांनी हेरला. आख्खा, सुरुवातीपासून शेवटापर्यंत, कधी बघितला नव्हता. माझे डोळे भरून आले आणि पोरीने बघितलं, बघू दे.

मग मी जुनी खोड केली, टपाच्या पत्र्याला आतून तळहात लावला. बोलणारा पत्रा हाताला कळतो, कान लागत नाहीत. पत्रा बोलत नव्हता. दगडासारखा गप्प. मी भिंगरीकडे बघितलं, तिने मान हलवली, म्हणजे तिलाही काही ऐकू येत नव्हतं. डॉक्टरीणबाईंनी हलवली. बाळ झोपलेलंच होतं.

त्या गाडीत, वाऱ्याचं म्हणशील तर, सगळ्यांना माझ्याइतकंच ऐकू येत होतं.

तुझा